मोजणे सोपे, वाचणे अवघड

लंडनहून निघणाऱ्या ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाच्या ३० मे १९५९ च्या अंकात कलकत्त्याच्या एका विकृतिशास्त्रज्ञाचा अवघ्या दोन पृष्ठांत मावलेला निबंध प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढवले त्या द्रवातून ते सर्व जंतू गाळून काढले आणि उरलेला जंतुरहित द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरीही आतडे पाण्याने टम्म फुगते, एवढेच त्यात सांगितले होते. शीर्षक रूक्ष होते, भाषा मोजकी होती, लेखक एकच होता. शंभुनाथ डे हे त्यांचे नाव. पटकीचा रोगी ज्या कारणाने काही तासांत शुष्क होऊन प्राण सोडतो ते कारण जंतू स्वतः नसून जंतूने सोडलेले विष आहे, हे या दोन पृष्ठांनी प्रयोगाने दाखवून दिले. एखाद्या वैद्यकीय संशोधकाचे कार्य कशाने मोजावे, त्याच्या निबंधांच्या संख्येने, त्या निबंधांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला त्या संख्येने, की आणखी कशाने, हा प्रश्न आज विद्यापीठांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या कारभारात ऐरणीवर आलेला आहे. त्या प्रश्नाचा विचार करताना डे यांच्या उदाहरणाइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे क्वचितच सापडेल.

पटकीचे भय किती खोल होते याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हा रोग म्हणजे मरीआईचा कोप समजला जाई आणि तिचा गाडा एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या शिवेवर लोटला जाई. पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ उद्भवली की ती परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर घरोघर पोहोचे. अशा या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३ साली इजिप्तमध्ये व १८८४ साली कलकत्त्यात शोधून काढला. स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्कही कॉख यांनी त्याच वेळी केला होता. परंतु तर्क सिद्ध होण्यास पाऊण शतक जावे लागले. कॉख यांच्यानंतरच्या संशोधकांनी जंतू किंवा जंतूंचे अवशेष प्राण्यांच्या रक्तात वा उदरपोकळीत टोचून पाहिले. प्राणी मरत, पण माणसाला होणारी पटकी त्यांना होत नसे. मेलेल्या जंतूच्या देहातून सुटणारे विष हेच रोगाचे मूळ, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. आतड्याचे अस्तर झडून गेल्यामुळे पाणी वाहते, ही जुनी समजूतही तिच्या जोडीला होतीच.

डे यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यातील एका गावी झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिक्षण घेऊन पुढे लंडनला सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते कलकत्त्याला परतले. शहरात पटकीचे रुग्ण सदैव येत असत. रोग उशापायथ्याशी होता. डे यांनी एक साधा प्रश्न विचारला. हा रोग आतड्याच्या पोकळीत घडतो, तर तो रक्तात शोधावा कशाला? त्यांनी सशाचे पोट उघडून लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, त्या बंद भागात सुईने जंतू सोडले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्या भागात पटकीच्या रुग्णाच्या विष्ठेसारखे, भाताच्या पेजेसारखे पाणी भरलेले. डी. एन. चटर्जी यांच्यासह केलेले हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. महागडी यंत्रे नव्हती, परदेशी अनुदान नव्हते. ससा, दोरा आणि सुई एवढ्या साहित्यावर रोगाचे एक विश्वसनीय प्रतिरूप तयार झाले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. असाच बांधलेल्या आतड्याचा प्रयोग व्हियोल आणि क्रेंदिरोपुलो या दोन संशोधकांनी १९१५ मध्ये, म्हणजे डे यांच्या जन्माच्याच वर्षी, करून पाहिला होता व तो छापलाही होता. परंतु त्याचा कोणी पाठपुरावा केला नाही आणि तो ग्रंथालयांच्या फडताळांत पडून राहिला. छापले गेलेले सर्वच वाचले जाते असे नाही, आणि वाचले गेलेल्याचे मोल वाचणाऱ्याला उमगतेच असेही नाही.

१९५६ मध्ये डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने दाखवले की, हगवणीच्या रुग्णांच्या आतड्यांत सापडणाऱ्या ‘कोलाय’ जातीच्या जंतूंपैकी काही वाणही सशाचे आतडे असेच फुगवतात. अतिसाराच्या कारणांचा पुढे जो मोठा अभ्यास जगभर झाला, त्याची एक पायरी येथे घातली गेली. आणि १९५९ मध्ये जंतुरहित द्रवाचा तो निर्णायक प्रयोग झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी हे संशोधक सशांच्या पिलांवर प्रयोग करून पटकीच्या विषाच्या याच प्रश्नाशी झुंजत होते. सशाच्या पिलांत पटकी निर्माण करण्याची रीत दत्ता व हब्बू यांनी १९५५ मध्येच प्रसिद्ध केली होती. कलकत्ता आणि मुंबई ही दोन शहरे या प्रश्नावर त्या वेळी जगाच्या पुढे होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने गेला. डे यांच्या १९५९ च्या निबंधाची तत्काळ फारशी दखल घेतली गेली नाही. १९६१ मध्ये त्यांचा पटकीवरील ग्रंथ एडिंबरोहून निघाला. ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये केले. त्यानंतर हे विष जीवरसायनशास्त्राच्या आणि पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांतील एक महत्त्वाचे साधनच बनले आणि त्यावर निबंधांचा पूर लोटला. डे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवीत राहिले आणि १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकी व तत्सम अतिसारांवर परिसंवाद भरवला तेव्हा डे यांना अगत्याने बोलावले. आपण साठीच्या दशकातच मृतवत झालो होतो, या परिसंवादाने आपल्याला उकरून वर काढले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. नोबेल पारितोषिक मिळालेले जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचवले होते. पण १९८५ मध्ये डे यांचे निधन झाले तोवर स्वदेशातील एकही मोठे पारितोषिक त्यांना लाभले नव्हते, आणि देशातील विज्ञान अकादमींपैकी एकीनेही त्यांना आपले सदस्य करून घेतले नव्हते.

डे यांची ही उपेक्षा सर्वांच्या नजरेस आणून देणाऱ्यांत एक नाव अनपेक्षित आहे. ते नाव म्हणजे फिलाडेल्फियाचे यूजीन गारफील्ड. गारफील्ड हे वैद्य नव्हते, पटकीचे अभ्यासक तर नव्हतेच. कोणता निबंध कोणत्या पूर्वीच्या निबंधाचा हवाला देतो, याची नोंद ठेवणे हा त्यांचा व्यवसाय. १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी अशा सूचीची कल्पना मांडली आणि साठीच्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने ती प्रत्यक्षात आणली. या सूचीचा मूळ हेतू समजून घेण्यासारखा आहे. वकील जसा एखाद्या निवाड्याचा पुढील कोणत्या निवाड्यांत आधार घेतला गेला ते हुडकतो, तसे संशोधकाला एखाद्या कल्पनेचा माग काढता यावा, हा तो हेतू. माणसांना गुण देण्याचे यंत्र म्हणून ती जन्मलेली नव्हती. १९८६ मध्ये गारफील्ड यांनी या सूचीच्या आधारे पटकी-संशोधनाचा नकाशा काढला आणि त्या नकाशावर शंभुनाथ डे यांचे स्थान किती मध्यवर्ती आहे हे आपल्या स्तंभात विस्ताराने दाखवले. १९९० मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने डे यांच्यावर खास अंक काढला. म्हणजे ज्या मोजदादीला आज अनेक जण नावे ठेवतात, तिनेच एका विस्मृत संशोधकाला न्याय मिळवून देण्यास हातभार लावला. ही गोष्ट हवाल्यांच्या मोजदादीच्या टीकाकारांनीही विसरता कामा नये.

परंतु हा न्याय कधी मिळाला? संशोधनानंतर पाव शतकाने, निवृत्तीनंतर आणि मृत्यूनंतर. हवाल्यांची संख्या हा इतिहासाचा साक्षीदार आहे. तो उशिरा येतो, आणि ज्या वेळी माणसाला बढती, प्रयोगशाळा वा अनुदान द्यायचे असते त्या वेळी तो बहुधा गैरहजर असतो. शिवाय त्याची साक्षही तोलून घ्यावी लागते. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उद्धृत झालेला निबंध कोणता, तर प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. त्याचा हवाला तीन लाखांहून अधिक वेळा दिला गेला आहे. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र ‘नेचर’ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत नाही. याचा अर्थ प्रथिने मोजण्याची रीत आनुवंशिकतेच्या उलगड्यापेक्षा थोर ठरते असा नव्हे. रीत वापरणारा प्रत्येक जण तिचा हवाला देतो. सिद्धांत मात्र एकदा पाठ्यपुस्तकात गेला की तो सर्वांचा होतो आणि त्याचा कर्ता कोण हे सांगण्याची कोणास गरज वाटत नाही. भारतीय वाचकांना परिचित उदाहरण द्यायचे तर येल्लाप्रगड सुब्बाराव यांचे देता येईल. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासह १९२५ मध्ये त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी रीत दिली, ती अनेक दशके अगणित निबंधांत उद्धृत होत राहिली. परंतु औषधनिर्मितीतील त्यांचे नेतृत्व, ज्यातून पुढे हजारो रुग्णांचे प्राण वाचले, ते हवाल्यांच्या रकान्यात तितकेसे उमटत नाही.

कोठे छापले गेले, ही कसोटीही अशीच फसवी. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत पटकी उसळली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा दिलीप महालनवीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. या कामाचा वृत्तांत १९७३ मध्ये ‘जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात आला. हे नियतकालिक पुढे बंदही पडले. त्या नियतकालिकाचा प्रभावांक काय होता, हा प्रश्न त्या छावणीतून जिवंत परतलेल्या माणसापुढे ठेवला तर तो हसेल.

आता आपल्याकडील परिस्थितीकडे वळले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी गुणांक पद्धत आणली आणि प्रत्येक निबंधाला गुण ठरवून दिले. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांनाही बढतीसाठी ठरावीक संख्येने निबंध छापणे आवश्यक झाले. २०१५ च्या एका सूचनेने तर निबंधाच्या लेखकांपैकी पहिल्या दोघांनाच श्रेय देण्याचे ठरवले. म्हणजे एखाद्या मोठ्या चाचणीत पाच-सहा विभागांनी एकत्र राबावे, आणि हिशेबात मात्र दोघांनीच उरावे. सहकार्याने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाला यापेक्षा उफराटे उत्तेजन ते कोणते?

परिणाम व्हायचा तोच झाला. मागणी आली तसा बाजारही उभा राहिला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी आयोगाच्या मान्य यादीतील नियतकालिकांची छाननी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेल्या नमुन्यात ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची निघाली, असा त्यांचा २०१८ मधील निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके आपल्या यादीतून काढून टाकली. नियमाच्या एका ओळीने केवढा व्यापार पोसला जात होता, हे त्या आकड्यावरून ध्यानात यावे.

दुसऱ्या टोकाला पाहावे तर चित्र अधिक खिन्न करणारे आहे. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दशकातील ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांच्या निबंधांची गणती केली. त्यांपैकी ३३२ संस्थांतून, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांतून, त्या दहा वर्षांत एकही निबंध बाहेर पडलेला नव्हता. वर्षाला शंभरांहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या. याचा अर्थ असा की, एकीकडे संशोधनाची परंपराच नाही आणि दुसरीकडे निबंधांची सक्ती आहे. जेथे प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, रुग्णांच्या रांगेतून मान वर काढायला सवड नाही, तेथे सक्तीने निबंध मागितला तर मिळतो तो केवळ निबंधाचा देखावा.

मोजदादीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. आकडे येण्यापूर्वी आपल्या संस्थांत सुवर्णयुग नांदत होते असे नाही. ज्येष्ठता, वशिला, प्रांत, जात, विभागप्रमुखाची मर्जी यांवर बढत्या ठरत. आकडा निदान सर्वांना सारखा असतो. अर्जाची छाननी करणाऱ्या कारकुनालाही तो तपासता येतो आणि डावलला गेलेला उमेदवार त्याच्या आधारे दाद मागू शकतो. लहान गावातून आलेल्या, मागे कोणी नसलेल्या तरुण अध्यापकाला आकड्याचा हा आधार तुच्छ वाटत नाही, आणि त्याचे चुकतेही म्हणता येणार नाही. डे यांना ज्या अकादमींनी ओळखले नाही, त्या आकडे मोजत नव्हत्या. त्या माणसे ओळखून माणसे निवडीत होत्या. तेव्हा दोष केवळ आकड्यांच्या माथी मारून सुटका होणार नाही.

पण यातूनच खरी गोष्ट स्पष्ट होते. जुन्या निवडसमितीने डे यांचे निबंध वाचले नाहीत; कारण लेखकाशी तिचा परिचय नव्हता. नवी निवडसमिती निबंध वाचत नाही. कारण आकडा समोर असतो. दोघींचा आळस एकच आहे, सबबी तेवढ्या निराळ्या. संशोधनाच्या मूल्यमापनाला वाचनावाचून दुसरा मार्ग नाही. आकडा फार तर एवढे सांगू शकतो की, येथे काहीतरी आहे, थांबा आणि वाचा. गारफील्ड यांनी नेमके तेच केले. आकड्यांनी त्यांना डे यांच्या नावापाशी आणले. मग त्यांनी ते काम समजून घेतले, त्या क्षेत्रातील जाणकारांची मते विचारात घेतली आणि मगच लिहिले.

हे व्यवहारात आणणे अशक्य नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये संपादक व संशोधकांनी एकत्र येऊन जे घोषणापत्र तयार केले, त्याचा गाभा हाच की, नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मोल ठरवू नये, निबंधाचा आशय पाहावा. उमेदवाराने वीस निबंधांची यादी जोडण्याऐवजी आपले सर्वोत्तम असे तीन निबंध द्यावेत, प्रत्येकात आपला वाटा कोणता हे दहा ओळींत लिहावे, आणि समितीच्या किमान दोन सदस्यांनी ते वाचून आपले लेखी मत नोंदवावे, असा नियम करण्यास फारसा खर्च येत नाही. लेखी मत फायलीत राहिले म्हणजे वशिल्यालाही काही प्रमाणात आळा बसतो. ज्याचा पिंड शिकवण्याचा वा रुग्णसेवेचा आहे, त्याच्या बढतीसाठी त्या कामाचीच पारख करावी. त्याच्याकडून निबंधाची खंडणी वसूल करू नये.

संख्या ही मोजणाऱ्याची सोय आहे, मोजल्या जाणाऱ्याचे मोल नव्हे. कलकत्त्याच्या त्या विकृतिशास्त्रज्ञाची दोन पृष्ठे वाचायला अर्धा तास पुरला असता. तो अर्धा तास या देशातील विज्ञानाच्या धुरिणांना त्यांच्या हयातीत काढता आला नाही. आजही एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तुटपुंज्या साहित्यावर, समोरच्या रुग्णाने विचारायला लावलेल्या प्रश्नाचा पाठलाग कोणी अध्यापक करीत असेल. त्याच्या अर्जावर गुणांची बेरीज करण्यापूर्वी त्याचा निबंध कोणी तरी उघडून पाहावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करण्यासाठी कोणत्याही नव्या निर्देशांकाची आवश्यकता नाही.